तिसरा तांब्या

"हळद कुनाची?"

"आमची!"

"आंग कुनाचं?"

"आमचं!"

"पानी कुनाचं?"

"आईचं!"

"मंग ह्यात हैबतरावाचं काय हाय? काय बी न्हाई! हैबतराव निस्ता नळ हाय, नळ! आई सोडती, मी वाहतो!"

कर्ण्यातून हैबतरावांचा आवाज डोंगरावर आदळायचा आणि गर्दी हात जोडायची. भरे गाव मागे टाकून डोंगराकडे वळलं की उमाळेवाडी लागते. वाडीच्या वर कातळातून बारमाही झरा येतो. त्याला म्हणतात उमाळा, आणि त्याच्या देवीला उमाळ्याची आई. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या पाण्यानं हातपाय धुवायचे, नारळ ठेवायचे नि घरी जायचे. हैबतरावांनी रस्त्याकडची जमीन बिल्डरला विकली, दोन जीपगाड्या घेतल्या, एक ढाबा काढला, आणि तीन वर्षांत गाड्याही गेल्या नि ढाबाही गेला. मग एके दिवशी त्यांच्या स्वप्नात आई आली आणि झऱ्यावर त्यांचा मांडव पडला. आई अशाच माणसांच्या स्वप्नात का येते, हे तिलाच ठाऊक.

२००४ सालच्या जानेवारीतल्या त्या रविवारी झऱ्यावर जत्रा भरल्यासारखी माणसं होती. बैलगाडीतून आलेले होते, वडापच्या जीपला लोंबकळून आलेले होते, आणि हिंजवडीच्या कंपन्यांमधून गळ्यात ओळखपत्र घालून, म्हाताऱ्या आईवडिलांना गाडीत बसवून आलेलेही होते. शिकलेला माणूस रांगेत उभा राहिला की अडाण्याला धीर येतो. तो म्हणतो, "त्यो बग, कंपूटरवाला बी आलाय."

मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून नर्सबाई सुलक्षणा बसल्या होत्या. समोर बर्फ भरलेला निळा डबा. तो पोलिओचा रविवार होता. उपकेंद्रात सुलक्षणाबाईंना अकरा वर्षं झाली होती. सोलापूरकडच्या बाई, पण इथल्या प्रत्येक वाडीतलं कुत्रंसुद्धा त्यांना ओळखत होतं. सुरुवातीला थेंब पाजायचे म्हटलं की बाया पोरांना कणगीमागं लपवायच्या. मग हैबतराव स्वतःहून म्हणाले, "नर्सबाई, आमच्या मांडवात बसा की. मी सांगतो कर्ण्यावरनं." तेव्हापासून कर्ण्यावर ललकारी व्हायची: "आदी दोन थेंब, मंग आईचं पानी!" तीनतीनशे पोरं एका सकाळीत व्हायची. तालुक्यात सुलक्षणाबाईंचं बूथ पहिलं आलं, टाळ्या वाजल्या.

त्याची किंमत म्हणजे गप्प बसणं. ती कोणी मागितली नव्हती आणि तरी त्या देत होत्या. अळीमिळी गुपचिळी.

कारण झऱ्यावर काय चालतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. आजाऱ्यानं घरून आपल्या डब्यातली हळद अंगभर लावून यायचं आणि दगडी चौथऱ्यावर बसायचं. हैबतराव झऱ्याच्या धारेखाली तांब्या भरून ओततात. "पयला तांब्या कातड्याचा!" पाणी पिवळं वाहतं. "दुसरा तांब्या हाडाचा!" तेही पिवळंच. तिसऱ्या तांब्याला ते धारेखाली जात नाहीत. मूर्तीमागच्या कपारीत, लाल पडद्याआड, एक हंडा असतो. "तिसरा तांब्या आईच्या पोटातला! डोळं मिटा, आईचं तेज सोसायचं न्हाई!" तो तांब्या अंगावर पडला, की पाणी लालभडक होऊन चौथऱ्यावरून वाहायला लागतं. बाया किंचाळतात, माणसं लोटांगण घालतात. "उतरला! उतरला! रोग उतरला!"

त्यानंतरचे नियम कडक. औषध तिथल्या तिथं झऱ्याखालच्या डोहात बुडवायचं. सव्वा महिना गोळी नाही, सुई नाही. त्या दिवशीचे कपडे सव्वा महिना धुवायचे नाहीत.

चुन्याच्या निवळीत हळद लाल होते, हे सातवीतल्या पोराला येतं. सुलक्षणाबाई तर नर्सिंग शिकलेल्या. डोहात औषधाची पाकिटं पडताना त्या बघत होत्या आणि मनाची समजूत घालत होत्या, की असतील कंबरदुखीच्या गोळ्या, चार दिवसांनी आपणच परत घेतील.

त्या रांगेत त्यांना रजनी दिसली. बरोबर तिची अकरा वर्षांची अपूर्वा, हळदीनं पिवळीधमक, अंगात जुना झगा.

अपूर्वा म्हणजे सुलक्षणाबाईंची घरचीच. दोन वर्षांपूर्वी पोर वाळत चालली होती, घागरभर पाणी प्यायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज दोन सुया, जन्मभर. सुई चुकली तर पोर वाचणार नाही. रजनी चौथी शिकलेली. तिला सुई टोचायला सुलक्षणाबाईंनी शिकवलं. फ्रीज कुठला, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात बाटली ठेवायला शिकवलं. आणि लघवीतली साखर बघायलाही शिकवलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. "निळं राहिलं तर साखर नाही. विटकरी लाल झालं, म्हणजे साखर लघवीवाटे बाहेर पडतेय. मग सुई वाढवायची, मला येऊन विचारायचं." रजनीनं हे सगळं देवाच्या आरतीसारखं पाठ केलं होतं. दोन वर्षांत तिची एक सुई चुकली नव्हती.

"अगं रजनी, तू इथे कशी?"

"काय करू बाई?" रजनी खालच्या आवाजात म्हणाली. "सासूबाईंनी बोलूनशान ठिवलंय आईला. आन् जल्मभर सुया टोचायच्या म्हंजी... उद्या सुईवाली पोर कोन करंल? येकदा बगावं म्हनलं."

"सकाळची सुई दिलीस ना?"

"दिली की, पाटंच दिली."

"मग ठीक आहे."

संध्याकाळच्या सुईचं सुलक्षणाबाईंनी विचारलं नाही. आंघोळच तर आहे, असं त्यांच्या मनात आलं.

अपूर्वा टेबलाशी रेंगाळली. "बाई, मला बी द्या की दोन थेंब."

"तू आता घोडी झालीस. पाच वर्षांच्या आतल्यांना असतात."

"सुईपरीस लई बरं त्ये," ती म्हणाली आणि हसली. पुढचा एक दात तिचा अर्धा तुटलेला होता, पेरूच्या झाडावरून पडून.

मग ती चौथऱ्यावर बसली. पहिला तांब्या, दुसरा तांब्या, तिसरा. पाणी लाल झालं. सुलक्षणाबाईंनी मान वर केली तेव्हा रजनी त्या लाल ओघळाकडे टक लावून बघत होती. बाकीच्या बाया रडत होत्या, ही रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी दिसल्याचा भाव होता. तेवढ्यात एक रडकं पोर घेऊन कोणी तरी टेबलाशी आलं आणि सुलक्षणाबाई थेंब पाजायला वळल्या.

पोलिओच्या रविवारनंतर घरोघर फिरावं लागतं. पुढचे चार दिवस सुलक्षणाबाई डोंगरापलीकडच्या वाड्यांवर होत्या. शुक्रवारी दुपारी परतताना वाटेत रजनीचं घर लागलं, म्हणून त्या डोकावल्या.

रजनी हसतच बाहेर आली. हातात काचेची नळी.

"बाई, बरं झालं आला! ह्ये बगा. येकदम इटकरी! पाच दीस रोज अशीच निगतीय. समदी भाईर पडतीय बगा!"

सुलक्षणाबाई चप्पल न काढताच आत शिरल्या. "अपू कुठंय?"

पोर घोंगडीवर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. श्वास धावून आल्यासारखा, खोल आणि भराभर. खोलीभर पिकलेल्या फळासारखा वास पसरला होता. तो वास नर्सला चुकत नाही.

"सुई कधीपासून बंद आहे?"

"रविवारपास्नं. आईचा नेम हाय न्हवं सव्वा महिना."

"अगं, लाल झालं की सुई वाढवायची, एवढं सांगितलं होतं ना तुला!"

"व्हय, पर त्ये साखर आत व्हती तवा." रजनीला अजून काही कळलं नव्हतं. ती समजावून सांगत होती. "मी बी आदी न्हाई भुलले बाई. पर तितं पानी लाल निगालं न्हवं, ते येकदम तुमच्या नळीतल्यावानी. तुमीच म्हनला व्हता, लाल म्हंजी साखर भाईर पडतीय. मी म्हनलं, आता खरं! नळीत थेंबथेंब निगती ती तितं आईनं धारंनं काडली. वकाऱ्या व्हत्यात कालपास्नं, तर हैबतराव म्हनलं, शेवटची घान हाय, निगू द्या."

नुसती देवभोळी बाई असती तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. ही तर शिकवलेलं नीट लक्षात ठेवणारी. तिनं झऱ्यावर विश्वास ठेवला तो सुलक्षणाबाईंच्याच शब्दावर.

"बाटली आण!"

"डोहात टाकली की."

पुण्याला जाणारा दुधाचा टेम्पो मिळाला. रजनीचा नवरा कुशाबा कंपनीतून पहिल्या पाळीवरून आला तो तसाच मागे चढला. सुलक्षणाबाईंनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. भरे सुटलं, पिरंगुट आलं. तिथल्या दवाखान्यात इन्सुलिन नव्हतं, सलाइन लावलं आणि बाटली हातात धरून पुढे निघाले. घाटात अपूर्वानं एकदा डोळे उघडले आणि पाणी मागितलं. रजनी तिला म्हणत होती, "आता बरी व्हशील हां, समदं निगून गेलंय." चांदणी चौक यायच्या आत तो धावणारा श्वास थांबला. टेम्पोवाला काही न कळून तसाच जोरात चालवत राहिला.

तिसऱ्या दिवशी हैबतराव भेटायला आले. पायरीवर बसून, डोळ्यांना उपरणं लावून म्हणाले, "रोग तर गेला व्हता, समद्यांनी बगितलं. आयुक्षच कमी व्हतं लेकराचं. आईनं पदरात घेतली." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, यांची तर दुसऱ्याचं पोर मेल्यावरही गेली नाही. कुशाबानं मान डोलावली.

दहाव्याला घरातलं सगळं धुणं ओढ्यावर न्यायची रीत. सुतक फेडायचं म्हणजे वाकळीपासून पडद्यापर्यंत सगळं धुवायचं. रजनीनं एकेक धुतलं, आणि गठ्ठ्याच्या तळाशी तो झगा निघाला, हळदीनं माखलेला. सव्वा महिना धुवायचा नाही असा नियम होता, पण आता नियम कुणासाठी पाळायचा? तिनं तो दगडावर पसरला आणि साबणाची वडी फिरवली.

त्या संध्याकाळी ती उपकेंद्राच्या दारात उभी राहिली. हातात ओला झगा, अंगावरचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. झग्यावर जिथं जिथं साबण लागला होता, तिथं तिथं लाल डाग उठले होते.

"बाई," ती म्हणाली, "पोर गेली माजी. झगा रिकामा हाय. मंग ह्यो रोग कुनाचा निगतोय?"

सुलक्षणाबाईंनी आतून स्वयंपाकातल्या हळदीचा डबा आणला. मग त्यांनी डब्यातली चिमूटभर हळद तळहातावर घेतली. शिपायाच्या तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवून वरचं निवळ पाणी तिच्यावर टाकलं. हळद लाल झाली. रजनी बघत राहिली.

"साबण लागला की होते, चुना लागला की होते, सोडा लागला की होते. हळदीचा गुण आहे तो, रजनी. त्यात रोग नसतो, साखर नसते. नळीतला लाल वेगळा. तो साखरेचा."

"लुगड्याला हळदीचा डाग पडला तर साबनानं लाल व्हतोय, त्ये मला बी ठावं हाय," रजनी हळूच म्हणाली. "हजार डाव बगितलंय. पर तितं ध्येनातच आलं न्हाई." पदर तोंडात घालून ती तिथंच पायरीवर बसली. ती रडली ती पोरगी गेल्यानंतर पहिल्यांदा. सुलक्षणाबाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. आपल्याला हे कधीपासून माहीत होतं, ते सांगायचं धैर्य त्यांना त्या दिवशी झालं नाही.

पुढच्या रविवारी दोघी झऱ्यावर गेल्या. गर्दी तेवढीच होती. चौथऱ्यावर एक फेफरं येणारा पोरगा हळद लावून बसला होता, आणि त्याच्या आईच्या मुठीत गोळ्यांचं पाकीट होतं.

"हळद कुनाची?" कर्णा ओरडला.

"माजी!" रजनी पुढं झाली. तिच्या दोन्ही तळहातांना हळद होती. ती सरळ चौथऱ्यावर चढली.

हैबतराव क्षणभर चरकले, मग कनवाळू झाले. "ये लेकी. दुःखानं भरमलीस तू. डोळं मिट."

"डोळं मिटून येकदा बसवलं व्हतं माज्या पोरीला. आता उगडं ठिवून बगनार हाय." तिनं डावा हात धारेखाली धरला. पिवळं पाणी ओघळलं. "ह्ये आईचं पानी. बगा समदी!" आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं पडदा ओढून उजवा हात कपारीतल्या हंड्यात कोपरापर्यंत बुडवला.

"आगं, इटाळ! इटाळ झाला!"

हात बाहेर निघाला तो लालभडक. मनगटावरून ओघळ वाहत होते. एरवी अशा वेळी बाया किंचाळायच्या, आज त्या माना उंचावून हंड्याकडे बघत होत्या.

"मी आजारी न्हाई," रजनी म्हणाली. "मंग ह्यो कुठला रोग निगतोय, सांगा की."

सुलक्षणाबाईंनी हंडा कलता केला. तळाशी पांढरा साका होता. पुढं बसलेल्या कोंडिबा म्हाताऱ्यानं, उभा जन्म तंबाखू मळण्यात गेलेल्यानं, बोटानं तो घेऊन जिभेला लावला आणि पचकन थुंकला. "च्यायला, चुना हाय की रं ह्यो!"

दोघंतिघं हसले आणि लगेच ओशाळले. हैबतराव घाईघाईनं म्हणत होते, "कपारीत कुनी ठिवला मला काय ठावं? मी कुनाला सुई सोड म्हनलोच न्हाई. मी म्हनलो, आईवर सोपवा!" तासाभरापूर्वीचा आईचा नळ आता कुणाचाच नव्हता. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण आपल्या वडिलांना विचारत होता, "बाबा, तुमच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद करून किती दिवस झाले?" आणि बोटांवर दिवस मोजत होता.

कर्ण्याचा माइक खाली पडला होता. तो सुलक्षणाबाईंनी उचलला.

"लोकहो, तिसऱ्या तांब्यात चुन्याची निवळी असते. हळद त्यानं लाल होते. हे मला तीन वर्षांपूर्वी, इथं बसले त्या पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. माझं काम सोपं होत होतं म्हणून बोलले नाही. अपूर्वा माझ्यासमोर या दगडावर बसली होती. झऱ्याचं पाणी चांगलं आहे, ते प्या, आंघोळ करा, हात जोडावेसे वाटले तर जोडा. पण औषध फेकू नका. कोणी नवल दाखवलं, तर हे कशानं झालं एवढं विचारा. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस, ज्याच्या हंड्यात चुना असतो."

फेफऱ्याच्या पोराच्या आईनं गोळ्या डोहात टाकल्या नाहीत. पाकीट कमरेला खोचून तिनं पोराला खाली उतरवलं. गर्दी गुपचूप पांगली. काही जण मात्र जाताना मूर्तीला हात जोडून, "आई, माफ कर," म्हणत गेले. मांडव पंधरा दिवसांनी उतरला. हैबतराव आता आणखी दूर कुठंतरी एका विहिरीवर बसतात, असं ऐकू येतं. विहिरींना काय तोटा आहे, आणि हळदीला तरी काय!

उतरणीला लागल्यावर सुलक्षणाबाई म्हणाल्या, "रजनी, मला माफ करशील?"

रजनी चालत राहिली. पुढंच बघत, न चिडता ती म्हणाली, "आज बोलला त्ये त्या रविवारी बोलला आसता, तर मी आईकलं आसतं बाई. तुमचं मी समदं आईकत व्हते."

ज्याला माहीत आहे त्यानं वेळेवर बोलावं. ऐकणारं माणूस समोर उभं आहे तोवरच बोलावं.